जीआरई शब्दकार्डांचा खोका: वापरण्याआधी हे वाचा

जीआरई म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्यासाठीच्या इंग्रजी शब्दांचा हा खोका उघडला की सगळी कार्डं दोन दिवसांत उरकायचा मोह होतो. तेवढा आवरा. रोज दहा-पंधरा नवी कार्डं पुरे.

खोक्याला पाच कप्पे आहेत. ही युक्ती आमची नव्हे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने ती १९७२ मध्ये मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात टाका. अर्थ आठवला की ते पुढच्या कप्प्यात जाईल. चुकला, तर चौथ्यातलं कार्डसुद्धा थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने.

कार्ड उलटण्याआधी अर्थ मोठ्याने म्हणा. ‘हा तर येतो’ म्हणत पुढे ढकललेला शब्दच परीक्षेत हटकून दगा देतो. घरातल्या कुणालाही कार्ड धरून बसवा, मागे मराठी अर्थ छापलेला आहेच.

पण तो अर्थ आधारापुरता. खरं काम कार्डावर त्याखाली छापलेल्या वाक्याचं. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणे. त्यापुढे ‘अगेन्स्ट’ लावला की घोटाळा, कारण तिथे शब्द हवा ‘मिलिटेट’, म्हणजे प्रतिकूल ठरणे. म्हणून त्या कार्डावर लाल रेघ आहे. ‘सँक्शन’ची दोन कार्डं निघतील, ती छपाईची चूक समजू नका: एक मंजुरीचं, दुसरं निर्बंधाचं. ‘क्वालिफाइड’ हा तर साळसूद चेहऱ्याचा शब्द. उताऱ्यात ‘क्वालिफाइड’ पाठिंबा आला, तर तो हातचं राखून दिलेला असतो.

विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न जीआरईतून २०११ मध्येच गेले. आता एका प्रकारात सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे असतात. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. त्यासाठी जवळच्या अर्थाच्या कार्डांना एकाच रंगाची किनार दिली आहे. ‘लॅकोनिक’ (मोजकं बोलणारा) आणि ‘टॅसिटर्न’ (अबोल) दोन्ही हिरवे. मात्र हिरवी कार्डं एकाच दिवशी सुरू करू नका, एकमेकांत मिसळतात.

किती गुण वाढतील, याची हमी आम्ही देत नाही.

तळाशी कोरी कार्डं आहेत. वाचताना अडलेला शब्द, तो ज्या वाक्यात अडला त्या वाक्यासकट, त्यांवर उतरवा. एखादं कार्ड हरवलं तर त्याचा क्रमांक कळवा, फुकट पाठवू. पावसात भिजवलेला अख्खा खोका मात्र बदलून मिळणार नाही.