ऑन्टारिओत घरोघरी जाऊन पायांची निगा राखणाऱ्या नर्ससाठी : नोंदणी, कागदपत्रे आणि अवजारांचे नियम

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अनेक नर्स स्वतंत्र व्यवसाय म्हणून वयस्कर आणि मधुमेही रुग्णांच्या घरी जाऊन नखे कापतात, घट्टे आणि भोवऱ्या तासतात, पाय तपासतात. या कामात उतरू पाहणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो 'फूट केअरचे लायसन्स' कुठे मिळते हा. असे वेगळे लायसन्सच नाही. कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टारिओ ही नियामक संस्था नर्स म्हणून नोंदणी देते आणि पायांची निगा त्या नोंदणीच्या कक्षेत येते. फूट केअरचा कोर्स जरूर करावा. पण त्याचे प्रमाणपत्र तुमचे अधिकार वाढवत नाही. तक्रार झालीच, तर त्या कामाचे ज्ञान, कौशल्य आणि निर्णयशक्ती तुमच्याकडे होती का, हे पाहिले जाते.

पात्रता

आर.एन. (रजिस्टर्ड नर्स) किंवा आर.पी.एन. (रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स) म्हणून नोंदणी हवी. त्यासाठी नर्सिंगचे शिक्षण, अलीकडच्या तीन वर्षांतल्या प्रत्यक्ष कामाचा पुरावा, परीक्षा, तिथल्या कायद्यांवरची ऑनलाइन परीक्षा, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेचे ज्ञान, पोलीस तपासणीचा दाखला आणि कॅनडात काम करण्याचा परवाना लागतो. आर.एन.साठी एन्क्लेक्स-आर.एन. आणि आर.पी.एन.साठी रेक्स-पी.एन. अशा परीक्षा आहेत. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी मागवायचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. ती तुमच्या हाती मिळालेल्या प्रतीवर भागत नाही, कौन्सिलकडून परस्पर जावी लागते.

नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत करायचे. पत्ता किंवा नोकरी बदलली, स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तर ३० दिवसांत कॉलेजला कळवायचे. 'फाइंड अ नर्स' या सार्वजनिक नोंदवहीत रुग्णाचा मुलगा किंवा मुलगी तुमचे नाव शोधू शकते, म्हणून तिथली माहिती अद्ययावत ठेवा.

व्यवसायाचे कागद

व्यावसायिक दायित्वाचे, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल भरपाई द्यावी लागली तर त्यासाठीचे, संरक्षण सक्तीचे आहे. आर.एन.ना ते सहसा आर.एन.ए.ओ. या संघटनेच्या सदस्यत्वातून आणि आर.पी.एन.ना वी-आर.पी.एन. या त्यांच्या संघटनेमार्फत मिळते. मात्र तुमच्या बॅगेला अडखळून आजी पडल्या, तर हे संरक्षण कामी येईलच असे नाही. त्यासाठी व्यवसायाचा सर्वसाधारण विमा वेगळा घ्यावा लागतो.

स्वतःच्याच नावाने काम केले तर व्यवसायाचे नाव नोंदवावे लागत नाही. दुसरे नाव ठेवायचे असेल तर ऑनलाइन नोंदणीला ६० डॉलर लागतात आणि ती ५ वर्षे चालते. नर्स व रुग्ण या नात्याने दिलेल्या सेवेवर एच.एस.टी. हा विक्रीकर लागत नाही, पण विकलेल्या क्रीमला किंवा निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या पेडिक्युअरला ही सूट नाही. दोन्हींच्या पावत्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

फी काम सुरू करण्याआधी सांगायची, मागितल्यास तपशीलवार बिल द्यायचे. अवाजवी फी घेणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला जातो. नोकरीच्या ठिकाणचे रुग्ण खासगी कामासाठी वळवणेही नियमांत बसत नाही.

रुग्णाची संमती १९९६च्या आरोग्यसेवा संमती कायद्यानुसार घ्यायची. रुग्णाला समजून निर्णय घेता येत नसेल तर त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची संमती लागते. आरोग्य माहितीच्या २००४च्या कायद्याखाली स्वतंत्र नर्स ही रुग्णाच्या नोंदींची कायदेशीर राखणदार असते. गेल्या वर्षी गोपनीयतेचा भंग झाला असल्यास त्याची आकडेवारी १ मार्चपर्यंत प्रांताच्या माहिती व गोपनीयता आयुक्तांकडे द्यावी लागते.

कुठे थांबायचे

त्वचेच्या खालच्या थराच्या, म्हणजे डर्मिसच्या, खाली जाणारी प्रक्रिया 'नियंत्रित कृती' आहे, म्हणजे कायद्याने अधिकार दिलेल्यांनीच ती करायची. जाड झालेली वरची त्वचा तासणे तिच्यात येत नाही, पण जखमेची खोल साफसफाई येते. तिच्यासाठी वैद्यकीय आदेश लागतो का, की ती तुम्ही स्वतःहून सुरू करू शकता, हे तुमच्या वर्गानुसार (आर.एन. की आर.पी.एन.) कॉलेजच्या नियमांत आधी पाहा. औषध लिहून देण्याचा वेगळा अधिकार मिळालेल्या आर.एन. सोडल्या, तर रोगनिदान सांगणेही आर.एन. किंवा आर.पी.एन.च्या अधिकारात नाही. 'तुम्हाला बुरशी झाली आहे' असे न म्हणता 'नख जाड आणि पिवळे झाले आहे, डॉक्टरांना दाखवा' असे सांगा आणि तसेच नोंदवा. जाहिरातीत स्वतःला 'कायरोपोडिस्ट' किंवा 'पोडियाट्रिस्ट' (पायांच्या आजारांचे तज्ज्ञ) म्हणवणे बेकायदा आहे. पहिल्या भेटीत १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का पाहण्याचा नायलॉनचा तंतू) संवेदना आणि पायाच्या दोन्ही नाड्या तपासून लिहून ठेवा. नाडी लागत नसेल, व्रण किंवा काळी पडलेली त्वचा दिसली, तर ब्लेड हातात घेऊ नका.

अवजारे

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. नखांचे निपर आणि तासण्याची अवजारे त्वचा भेदू शकतात, म्हणून ती निर्जंतुकच हवीत. स्पिरिटमध्ये बुडवणे, उकळणे, अतिनील दिव्याची पेटी, काचेच्या गरम मण्यांचे यंत्र यांतले काहीही ऑन्टारिओच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालत नाही. दिवसाला सहा रुग्ण असतील तर सहा बंद संच आणि एखादा जादा संच घेऊन निघा. रुग्णाच्या घरी सिंकमध्ये धुऊन तोच संच पुढे वापरायचा नाही.

वापरलेला संच झाकणाच्या, न टोचणाऱ्या डब्यात ओलसर ठेवून न्यायचा, कारण वाळलेली घाण नंतर निघत नाही. मग धुणे, अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी) सफाई, खळाळून धुणे, सुकवणे, भिंगाखाली पाहणे आणि पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवणे. निपर पाकिटात उघडा ठेवा, मिटलेल्या बिजागरीत वाफ पोहोचत नाही. पाकिटात रासायनिक सूचक (वाफ पोहोचली की रंग बदलणारी पट्टी), बाहेर तारीख आणि फेरीचा क्रमांक हवा. ऑटोक्लेव्ह वापरण्याच्या प्रत्येक दिवशी जैविक सूचकाची (चिवट जिवाणू मेले का हे दाखवणारी) चाचणी करून निकाल वहीत लिहायचा. यंत्र गच्च भरले की पाकिटे ओली निघतात, आणि ओले पाकीट निर्जंतुक धरत नाहीत. ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ही सगळी जागा घरी असेल तर स्वयंपाकघरापासून वेगळी हवी.

ब्लेड आणि कागदी कानशी एकदाच वापरून टाकायच्या. वापरलेली ब्लेड औषधाच्या दुकानात परत घेण्याची सोय घरगुती रुग्णांसाठी आहे, व्यवसायासाठी नाही. त्यासाठी जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या कंपनीशी करार करा. तक्रार आली की स्थानिक सार्वजनिक आरोग्य विभाग तपासणी करतो आणि त्रुटी आढळल्यास अहवाल संकेतस्थळावर टाकतो. तेव्हा पहिली मागणी होते ती निर्जंतुकीकरणाच्या वहीची.

पैसे कोण देते

सरकारी आरोग्य विमा, म्हणजे ओहिप, या भेटींचे पैसे देत नाही. पात्र माजी सैनिकांचा खर्च व्हेटरन्स अफेअर्स कॅनडा उचलते, तिचे दावे मेडावी ब्लू क्रॉस हाताळते, त्यामुळे सेवा देणारी म्हणून तिथे आधी नोंदणी करा. लाँग-टर्म केअर होममध्ये (कायम निगा लागणाऱ्यांच्या निवासी केंद्रात) नखे कापण्यासह प्राथमिक निगा पुरवणे ही होमचीच जबाबदारी आहे. तिथल्या रहिवाशाकडून पैसे घेण्याआधी होमशी लेखी बोलून घ्या.