सापडणं वेगळं, वाचणं वेगळं

सोलापुरात विड्या वळणाऱ्या अक्कांची बोटं कधी बघितलीत? मांडीवर सूप, डोळे टीव्हीवर, गप्पा तेलुगूत. तरी विडी जरा पोकळ भरली की बोटाला कळतं. कारखान्यात ती छाट म्हणून बाजूला पडणार. अशा हातांना स्वतःचे स्तन तपासायला शिकवलं तर कर्करोगाची गाठ लवकर सापडेल, जीव वाचेल, असं कुणालाही वाटेल.

शांघायमध्ये १९८९पासून हे करून पाहिलं गेलं, तेही कापड कारखान्यांत. (गिरणगावाच्या लेकींना ही जागा परकी नाही.) सुमारे २ लाख ६६ हजार बायका, त्यांच्या कारखान्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाने सिलिकॉनच्या स्तनांवर गाठ ओळखण्याचा सराव केला. दहाएक वर्षांनी मोजलं, तर स्तनाच्या कर्करोगाने शिकलेल्या गटात १३५ जणी गेल्या होत्या, दुसऱ्यात १३१. साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र शिकलेल्यांत जास्त सापडल्या आणि त्यापायी बायोप्सीही (गाठीचा तुकडा काढून तपासणं) जास्त झाल्या.

मग लवकर सापडलं की बाई जास्त जगते, असं का वाटतं? समजा, एखादी बाई पासष्टाव्या वर्षी या आजाराने जाणार आहे. गाठ बासष्टाव्या वर्षी सापडली तर ती ‘तीन वर्षं जगली’, सत्तावन्नाव्या वर्षी सापडली तर ‘आठ’. आकडा वाढला, मरणाची तारीख तीच. म्हणून निदानानंतर किती जगली हे विचारून भागत नाही. दोन्ही गटांत मेल्या किती, तेच मोजावं लागतं.

याचा अर्थ हाताला लागलेली गाठ अंगावर काढावी असा मुळीच नाही. ती दाखवायचीच.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वेगळा प्रयोग मांडला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणार. २०२१मध्ये निकाल छापून आला. सर्व वयांचं मिळून मृत्यू १५ टक्के कमी, पण तो योगायोगही असू शकेल इतपतच. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्के घट, आणि ती ठोस. पन्नाशीच्या आत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, मृत्यू काही घटले नाहीत.

मॅमोग्राफीचीही, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचीही, किंमत मोजावी लागतेच. २०१२च्या ब्रिटिश आढाव्यानुसार एक मृत्यू टळतो तेव्हा सुमारे तिघींवर, कधीच त्रास न देणाऱ्या कर्करोगासाठी उपचार होतात.

आपल्या सरकारी कार्यक्रमात हाताने तपासणी आहे, तिशीपासून पासष्टपर्यंत, पण पाच वर्षांतून एकदा. मुंबईत फायदा दिसला तो दोन वर्षांच्या फेरीने, पन्नाशीनंतर. शेजारच्या अक्का त्रेपन्नच्या आहेत.