मत्स्यटाकीतील कोळसा

माशांच्या टाकीतले पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये स्पंज, सिरॅमिक रिंग (उपयुक्त जिवाणू वसवणारी सच्छिद्र कडी) यांच्या जोडीने भरला जाणारा कोळसा. त्याचे तीन प्रकार आढळतात : मत्स्यदुकानात नुसत्या ‘कार्बन’ या नावाने मिळणारा सक्रियित कोळसा, इस्त्रीसाठी आणि शेगडीसाठी विकला जाणारा लाकडी कोळसा, आणि शेतीतून या छंदात आलेला बायोचार म्हणजे जैवकोळसा. तिन्ही सारखेच काळे, पण एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी मंडळींकडून ‘कोळसा टाकला, काही उपयोग झाला नाही’ असे ऐकू येते तेव्हा बहुधा गफलत इथेच झालेली असते.

लाकूड, करवंटी, बांबू किंवा भाताचे तूस अपुऱ्या हवेत तापवले की त्यातले वायू आणि डांबर निघून जाते व कार्बनचा सांगाडा उरतो. बायोचारसाठी हे तापमान साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस असते. घडणीने तो आणि लाकडी कोळसा भावंडेच. जाळायला केला तो कोळसा, मातीत घालायला केला तो बायोचार. याच सांगाड्यावर ८०० ते १,००० अंशांच्या आसपास वाफ सोडली की आतली अतिसूक्ष्म छिद्रे उघडतात आणि कोळसा ‘सक्रियित’ होतो. अशा एका ग्रॅममध्ये ५०० ते १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. घोडबंदर रोडवरच्या ५०० चौरस फुटी फ्लॅटच्या मापात सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा ते तीस फ्लॅट. साधा कोळसा याच्या जवळपासही जात नाही.

कोळसा द्रवातला रंग ओढून घेतो हे योहान टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये रशियात दाखवले. सक्रियित कोळसा कारखान्यात तयार करण्याची पेटंटे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. टाकीच्या कोपऱ्यात बसणारा, एअर पंपावर चालणारा आणि कोळसा-कापूस भरलेला पेटीफिल्टर जुन्या छांदिष्टांना आठवत असेल.

कोळशाचे काम अधिशोषणाचे : विरघळलेले सेंद्रिय रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. ड्रिफ्टवुडमुळे, म्हणजे सजावटीच्या लाकडामुळे, चहासारखे झालेले पाणी, कुबट वास, उपचारानंतर उरलेले औषध यांवर सक्रियित कोळसा उत्तम चालतो. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट, नायट्रेट मात्र तो जवळजवळ धरतच नाही, आणि मासे मरतात ते अनेकदा त्यांच्यामुळेच. नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर काचेचे दोन पेले घ्यावेत. दोन्हींत पाणी आणि माशांच्या औषधाच्या बाटलीतल्या मिथिलीन ब्ल्यूचा एकेक थेंब. एकात चमचाभर कार्बन, दुसऱ्यात तितकाच इस्त्रीचा कोळसा कुटून आणि धुऊन. अधूनमधून ढवळत रात्रभर ठेवले की कार्बनच्या पेल्यातली निळाई गेलेली दिसते, दुसऱ्यात ती रेंगाळते. दुकानातला सुटा कार्बन अस्सल आहे का, हेही याच रीतीने कळते.

मग साधा कोळसा अगदीच टाकाऊ का? नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे असतात. सक्रियित कोळशाची सूक्ष्म छिद्रे दोन नॅनोमीटरहून लहान, म्हणजे जिवाणूच्या पाचशेव्या भागाहूनही अरुंद. तिथे तो शिरणार कसा? लाकडी कोळशात आणि बायोचारमध्ये मात्र झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या जशाच्या तशा टिकतात; तुकडा मोडून उन्हात धरला तर कडेला बारीक भोके दिसतात. त्या नळ्यांत जिवाणूंची वसाहत बसते. म्हणून बायोचारकडे सिरॅमिक रिंगचा स्वस्त पर्याय म्हणून पाहावे, कार्बनचा नव्हे. काही बायोचार थोडाफार अमोनियम धरूनही ठेवतो, पण त्या भरवशावर जास्तीचे मासे सोडू नयेत. वसाहत बसायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी बदलत राहणे हाच उपाय.

खरा धोका राखेचा. नवी मुंबईला मोरबे धरणाचे, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचे पाणी येते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी मृदू, त्यामुळे त्यात पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) सावरून धरण्याची ताकद कमी. न धुतलेल्या कोळशाची राख अल्कधर्मी असल्याने पीएच झपकन चढतो. २५ अंशांना, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो, ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. अमोनिया तेवढाच राहून मासे तडफडू लागतात ते यामुळे. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा हिशेब वेगळा, ते आधी तपासावे.

इस्त्रीवाल्याकडचा कोळसा वापरायचा तर लाकडाचाच आणि पूर्ण जळलेला घ्यावा. चांगला तुकडा दुसऱ्यावर आपटला की टणटणतो. अर्धवट जळलेला थबकन वाजतो आणि पाण्यात डांबर सोडतो. बार्बेक्यूच्या चटकन पेटणाऱ्या विटा अजिबात नकोत, त्यांत ज्वलनशील रसायन आणि चिकटवणारे पदार्थ असतात. वाटाण्याएवढे तुकडे करून ते जुन्या पातेल्यात उकळावेत. आत अडकलेली हवा निघाली की ते बुडतात. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ हे खरे, पण धुताना पाण्याचा काळेपणा कमी होत जातो, आणि तो थांबेपर्यंत धुणे भाग आहे. नंतर दोन-तीन दिवस बादलीत भिजवून पीएच पाहावा आणि तुकडे जाळीच्या पिशवीतून, स्पंजमधून गाळलेले पाणी जिथे येते त्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे गाळ त्यांच्यावर बसत नाही.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी कोळशावर विसंबणे ही आणखी एक चूक. कार्बन क्लोरीनचे क्लोराइड करतो हे खरे, पण टाकीत ओतलेले पाणी फिल्टरपर्यंत पोचण्याआधी माशांच्या कल्ल्यांतून जाते. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जाणवू लागला की पाणी बादलीत एक दिवस मुरू द्यावे किंवा ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरावे.

औषध चालू असताना कार्बन काढून ठेवतात, नाहीतर औषध त्याच्याच पोटात जाते. फायटर (बेट्टा) माशाच्या टाकीत, तपकिरी अर्क उतरावा म्हणून, सोसायटीच्या आवारातली देशी बदामाची सुकी पाने घालायची आणि वर फिल्टरला कार्बनही लावायचा, हा प्रकार एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखा आहे.

सक्रियित कोळसा साधारण महिन्याभरात भरून जातो. तो उकळून किंवा ओव्हनमध्ये तापवून पूर्ववत होत नाही. त्यासाठी भट्टीचीच उष्णता लागते. बायोचार मात्र टाकीतल्याच पाण्यात खळबळून वर्षानुवर्षे वापरता येतो, आणि भुगा होऊ लागला की माशांच्या विष्ठेचे खत पोटात घेऊन बाल्कनीतल्या कुंडीत जातो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मात्र तुळशीला घालू नये.