लाल पडद्यामागचा दिवा

‘जुन्या चित्रकारांकडे स्वतः उजेड देणारे रंग होते,’ हे मला अनेकांनी ठामपणे ऐकवलं आहे. लूव्र संग्रहालयातलं पिएर-नार्सिस गेराँचं 1817 सालचं चित्र पाहिलं की ते खरंही वाटू लागतं. ट्रॉय जिंकून परतलेला राजा आगामेम्नॉन गाढ झोपलाय. राणी क्लायटेम्नेस्ट्रा खंजीर घेऊन अडखळलीय, तिचा प्रियकर एजिस्थस तिला मागून रेटतोय. (नवऱ्याने पोटच्या मुलीचा बळी दिला होता, तिचा राग मला कळतो.) मध्ये लाल पडदा. दिवा त्याच्यामागे, म्हणून पडदा निखाऱ्यासारखा फुललेला.

पण रंग फक्त अंगावर पडलेला उजेड परतवतो. शुभ्र रंग साधारण 90 टक्के, काळा 3-4 टक्के. सगळा खेळ 22 ते 30 पटींचा. खरा दिवा आणि खोलीतला अंधारा कोपरा यांच्यात हजारो पटींचा फरक असतो. मग ही धग येते कुठून?

आपल्याच डोळ्यातून. दृष्टिपटलावरच्या पेशी एकेकट्या काम करत नाहीत. उजेड पडलेली पेशी शेजारणींचे संदेश दाबते. हे दाखवून दिलं हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाने. त्याच्या डोळ्यात शेकडो छोटे नेत्रघटक असतात. शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी त्यातल्या एकावर उजेड टाकून त्याच्या चेतातंतूतले विद्युत स्पंद मोजले. शेजारच्या घटकावरही उजेड टाकताच पहिल्याचे स्पंद घटले! हा पार्श्व निरोध. हार्टलाइन 1967 च्या नोबेलचे एक मानकरी. म्हणजे डोळा उजेडापेक्षा उजेडातला फरक जास्त मोजतो. करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा, एक काळ्या पुठ्ठ्यावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल. गेराँने पडद्याभोवती काळोख ठेवला आणि लाल रंग कुठेही कड न दाखवता हळूहळू उजळत नेला. दिव्याभोवतीचा उजेड असाच विरत जातो, म्हणून मेंदू तिथे दिवा आहे असं धरून चालतो.

तसबिरीतून ‘तेज फाकतंय’ असं कुणी सांगितलं, तर खोलीतला दिवा हळूहळू मंद करून बघा. मिणमिणत्या उजेडात आपण दृष्टिपटलावरच्या दंडपेशी नावाच्या पेशींनी पाहतो आणि त्यांना लाल जवळपास दिसत नाही. तिन्हीसांजेला जास्वंदीचं फूल पानांच्या आधी काळं पडतं, ते यामुळेच. शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी 1825 मध्ये हे नोंदवलं. लूव्रमधले दिवे असे मंद करत नेले, तर त्या चित्रात आधी विझेल तो हा लाल पडदाच.