देवगिरीच्या गादीला वाटणीचा कायदा

'क्रुसेडर किंग्ज' हा राजघराणं चालवायचा संगणकावरचा खेळ स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने २००४ साली आणला, तेव्हा त्याच्या नकाशात आपला मुलूख नव्हताच. दुसऱ्या भागाला मार्च २०१४ मध्ये हिंदुस्थानच्या राजांची जोड मिळाली आणि दख्खन त्यात आलं. २०२० च्या तिसऱ्या भागात तर डाव ८६७ सालापासून मांडला की दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य दिसतं. तेव्हापासून मराठवाड्यातली बरीच पोरं हा खेळ खेळतात आणि सगळ्यांची रड एकच: राजा मेला की राज्याचे तुकडे. तीन पोरं असतील तर तिघांत वाटणी. पुढचा डाव थोरला वारस होऊन खेळायचा, पण त्याच्या, म्हणजे आपल्या, हाती उरतं ते निम्म्याहून कमी. मग धाकट्याला मठात पाठव, मधल्याला वारसाहक्कातून काढ, थोरल्याला हयातीतच चांगले परगणे देऊन ठेव, अशा खटपटी सुरू होतात. सगळं राज्य एकाच वारसाकडे जाण्याचा कायदा हाती येईपर्यंत शतकं उलटतात.

हा वाटणीचा नियम आला कुठून? पश्चिम युरोपातून. फ्रँक राजांकडे मुलांमध्ये राज्य वाटायची रीतच होती. ८४३ साली व्हर्दूंच्या तहाने शार्लमेनच्या तीन नातवांनी त्याचं साम्राज्य तीन ठिकाणी वाटून घेतलं. खेळाचा डाव सुरू होतो तो या तहानंतर चोवीस वर्षांनी, म्हणून त्या भागाला वाटणी अगदी चपखल बसते. अडचण एवढीच की तोच कायदा आपल्याकडेही लागू होतो. आणि दख्खनमध्ये गादीचं असं वाटप होत नव्हतं. भांडणं व्हायची, रक्त सांडायचं, पण ते अख्ख्या गादीसाठी.

राष्ट्रकूटांचंच बघा. त्यांच्या बिरुदांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असं येतं. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. वेरूळच्या पंधराव्या लेण्याच्या अंगणात जो मंडप आहे, त्यावर दंतिदुर्गाचा लेख आहे. माणसं घाईने कैलासाकडे वळतात, पण इथे दोन मिनिटं थांबावं. कैलास ज्याच्या नावावर आहे तो कृष्ण पहिला हा दंतिदुर्गाचा मुलगा नव्हे, चुलता. दंतिदुर्ग निपुत्रिक गेला आणि गादी उलटी वर, काकाकडे गेली. पुढे कृष्णाचा थोरला मुलगा गोविंद दुसरा राजा झाला, त्याला धाकटा भाऊ ध्रुवाने बाजूला सारलं. या ध्रुवाने आपल्या पोरांत थोरल्याला, स्तंभाला, डावलून धाकट्या गोविंदाला युवराज केलं. बाप राज्यच सोडायला निघाला तेव्हा गोविंद म्हणाला, मला युवराजपदाची कंठी पुरे, असं राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत लिहिलंय. ७९३ च्या सुमारास ध्रुव गेला. पैठणला सापडलेला गोविंद तिसऱ्याचा ताम्रपट ७९४ चा आहे, म्हणजे गादीवर बसल्या बसल्याच तो दानपत्रं देत होता.

स्तंभ गप्प बसला नाही. बारा राजांची फळी बांधून तो भावावर चालून आला आणि हरला. गोविंदाने त्याचं काय केलं? त्याला माफ केलं आणि गंगवाडीचा, म्हणजे आजच्या दक्षिण कर्नाटकातल्या मुलखाचा, कारभार पुन्हा त्याच्याच हाती दिला. खेळात हरलेला दावेदार भाऊ तळघरात टाकायचा नाहीतर संपवायचा, ही आपली सवय. इथे मात्र त्याच भावाला प्रांत मिळाला, आणि राज्य अखंड राहिलं. गोविंदाचा मुलगा अमोघवर्ष ८१४ च्या सुमारास जेमतेम चौदा वर्षांचा असताना राजा झाला. मांडलिकांनी लगेच डोकं वर काढलं. गुजरात शाखेचा चुलतभाऊ कर्क पाठीशी उभा राहिला म्हणून गादी सावरली. व्हर्दूंचा तह झाला तेव्हा हाच अमोघवर्ष अखंड राज्य चालवत होता, आणि साठहून अधिक वर्षं त्याने ते चालवलं. ८६७ चा डाव मांडताना हे आठवलं की वाटणीच्या कायद्याची चीड येते.

मग आपल्याकडे वाटणी नव्हतीच का? होती, पण घराच्या मालमत्तेत. मुलाला जन्मापासूनच वडिलार्जित मालमत्तेत हक्क, हे ज्या मिताक्षरेत मांडलं ती याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात लिहिली. कल्याणी म्हणजे आपल्या सीमेला लागून असलेलं बसवकल्याण. राजा होता विक्रमादित्य सहावा, ज्याने १०७६ मध्ये थोरल्या भावाला, सोमेश्वर दुसऱ्याला, हटवून सगळी गादी घेतली. मालमत्ता आणि गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दरबाराइतकं कुणाला ठाऊक असणार! गावोगावच्या पाटीलकी-देशमुखीत मात्र वाटणी पुरेपूर चालली. थोरली पाती, धाकटी पाती, तक्षिमा म्हणजे हिस्से, आणि पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जायचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर. खेळातला नियम आपल्याकडे कुठे शोभत असेल तर तो इथे.

देवगिरीची कथा याहून चटका लावणारी आहे. यादव राजा सिंघण याचा मुलगा त्याच्या आधीच वारला, म्हणून १२४६ च्या सुमारास नातू कृष्ण गादीवर आला. कृष्ण गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता, तेव्हा भाऊ महादेव राजा झाला. इथवर सगळं समजुतीने झालं. पण महादेवाने मागे गादी दिली ती स्वतःच्या मुलाला, अम्मणाला. रामचंद्र आता मोठा झाला होता. नर्तकांच्या वेशात माणसं घेऊन तो किल्ल्यात शिरला आणि अम्मणाला पकडलं, असं सांगतात. अम्मणाचे डोळे काढल्याचं महानुभावांच्या जुन्या लिखाणात येतं. हे १२७१ च्या आसपासचं. पंचवीस वर्षांनी अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा गादीवर हाच रामचंद्र होता.

पुढे आसफजाहींच्या काळातही तेच. पहिला निजाम १७४८ मध्ये गेला आणि चौदा वर्षांत मुलगा नासिरजंग, मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग, मग सलाबतजंग, मग निजामअली असे चौघे दख्खनचे धनी झाले. बाप आणि नासिरजंग दोघेही खुलदाबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पुरलेले आहेत.

म्हणून देवगिरी खेळताना वाटणीच्या तक्त्यात डोकं घालून बसण्यापेक्षा दावेदारांच्या पाठीशी जमणाऱ्या गटांवर नजर ठेवावी. सरदार दुसऱ्या दावेदाराला गादीवर बसवायला एकत्र येतात, ही खेळातली सोय आपल्या इतिहासाच्या सर्वांत जवळची आहे. मंत्रिमंडळात कोण कुणाकडे झुकतंय तेही बघावं. हेमाद्री पंडित महादेवाकडे अधिकारी होता, आणि अम्मण गेल्यावर रामचंद्राकडेही तो मोठ्या पदावर राहिलाच.