मोडी लंकेहून आलेली नाही

कोकणात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, खोतीचे मोडी कागद निघाले, की कुणीतरी हमखास सांगतं, 'ही लिपी हेमाडपंतानं लंकेहून आणली.' हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री. माणूस खरा, लंकेची गोष्ट मात्र ऐकीव.

सिंहली लिपी शेजारी ठेवून बघा. गोलगोल अक्षरं, डोक्यावर रेघ नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरूनं अक्षरं तिला टांगायची. अक्षरं नागरीच्याच घरातली, हात कमीत कमी उचलावा लागावा म्हणून वळवलेली. काना खालून वर चढतो, रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं अक्षर सुरू. या घाईत ह्रस्व-दीर्घ गेलं, शब्दांमधली जागाही गेली. आमच्या एका कागदात 'माडाचीबागनदीकाठची' असं एका दमात आलंय. कुठे तोडायचं हे ठरवण्यात माझी अख्खी दुपार गेली. (पावसाळी ओलीनं अर्धी शाई खाल्लेली, ते वेगळंच.)

2014 साली मोडी युनिकोडमध्ये आली, आता टाईपही होते. तरी ट्रंकेतले कागद वाचायचे असतील तर आधी वहीत गिरवा. काना उलटा का चढतो, ते हाताला लगेच कळतं.