सामत्याच्या टोकावरचे प्राणी

ग्रीसच्या क्रीट बेटावर सिंह राहत नव्हते. तरीही इ.स.पू. २०००च्या सुमारास तिथल्या कारागिरांनी मुद्रांवर सिंहांच्या रांगा कोरल्या, त्याही पाणघोड्याच्या दातांवर. पाणघोडाही तिथला नव्हे. ते दात समुद्रापलीकडून येत आणि सिंहाची आकृतीही बहुधा त्याच वाटेने आली. त्या काळी मुद्रा म्हणजे सहीही आणि कुलूपही. पेटीच्या दोरीवर किंवा रांजणाच्या तोंडावर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर आपला ठसा उमटवायचा.

हाड, दात, शंखजिरे असे मऊ पदार्थ साध्या टोकदार हत्याराने कोरता येतात. इ.स.पू. १८००च्या आसपास मात्र मिनोअन, म्हणजे कांस्ययुगातल्या क्रीटचे, कारागीर अकीक, जास्पर आणि स्फटिकाकडे वळले. खनिजांचा टणकपणा १ ते १० अंकांत मांडणाऱ्या मोज यांच्या काठिण्य श्रेणीत शंखजिऱ्याचा अंक १, तर या दगडांचा ७च्या जवळपास. त्यांच्यावर काशाचे हत्यार नुसते घसरते. खरे कापायचे काम करते ती कुरुंद या अतिकठीण खनिजाची पूड, आणि कुरुंदमिश्रित दगड जवळच्या नॅक्सोस बेटावर भरपूर होता. सुताराचा सामता, म्हणजे भोके पाडायचे हत्यार, कमानीच्या दोरीने गरगर फिरतो, तशीच एक काठी आडवी बसवून फिरवायची, तिच्या टोकाशी ही पूड ठेवायची आणि हातातला दगड त्यावर टेकवायचा.

इथून पुढे प्राण्याचे निम्मे अवयव हत्यारच ठरवू लागले. भरीव टोकाने गोल खळगा पडतो, पोकळ नळीने कडे उमटते, चाकाने सरळ रेघ निघते. बैलाचा खांदा आणि मांडी म्हणजे खोल खळगे, गुडघे म्हणजे ठिपके, डोळा म्हणजे मध्ये ठिपका असलेले कडे. काही मुद्रांवर तर माकूल आणि खेकडे चार-सहा कमानी नि रेघांत उरकलेले दिसतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी या मुद्रांना तावीज ठरवले. मला त्यात जादूपेक्षा भरभर हात चालवणारा कारागीर अधिक दिसतो.

पुढे भिंगासारखा गोल दगड रूढ झाला. रुंदी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, आणि त्यात मावायचा आहे अख्खा बैल! मग त्याचे पुढचे अंग एकीकडे, मागचे उलट दिशेला पिळलेले आणि मान मागे वळवलेली. रानबोकडाची लांब शिंगे दगडाच्या कडेने वाकवलेली. जिवंत प्राण्याला अशी पिळवट जमणार नाही, पण नजरेला ती खटकत नाही, कारण स्नायूंचा ताण अचूक उतरला आहे. हे रानबोकड कारागिरांच्या पाहण्यातले होते. त्यांचे वंशज आजही क्रीटच्या समारिया घळीत चरतात. शिवाय हे सगळे उलटे कोरायचे: खोलगट ते ठशात उंच, डावे ते उजवे.

सगळ्यात विक्षिप्त प्राणी मिळाले बेटाच्या पूर्व टोकाला, झाक्रोस इथे. १९०१ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड होगार्थ यांना एका घरात ठसे उमटलेले मातीचे सुमारे ५०० गोळे सापडले. इ.स.पू. १४५०च्या सुमारास लागलेल्या आगीत ती माती भाजून निघाली, म्हणूनच टिकली. त्यांवर पंख फुटलेल्या बायका आहेत, बोकडाच्या तोंडाची माणसे आहेत. या कुठल्या पुराणकथेतल्या व्यक्ती असाव्यात, असे मला वाटत नाही. आपला ठसा दुसऱ्याच्या ठशाशी गल्लत होऊ नये, ही गरजही अशा आकृत्या जन्माला घालू शकते.

झाक्रोसच्या ठशांमागचे मूळ दगड हाती लागलेले नाहीत. बेटावर इतरत्र मात्र शेतात नांगरताना असे खडे वर येत. बाळंतिणी ते ‘दुधाचे खडे’ म्हणून गळ्यात बांधत, म्हणजे अंगावर दूध चांगले येते अशी समजूत होती. १८९४ साली एव्हान्स क्रीटमध्ये आले ते या खड्यांच्या शोधात. क्रीटमधल्याच नोसॉस इथल्या मिनोअन राजवाड्याचे उत्खनन त्यांनी सुरू केले सहा वर्षांनी, १९०० साली.